सरकीचं अस्तर

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत ऐकली की लोक मला मुक्या जनावरांचा कैवारी वगैरे समजायला लागतात आणि माझं डोकं फिरतं.

कापसाच्या ग्रेडरला कुत्रं आवडून चालतच नाही. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये मी सत्तावीस वर्षं ग्रेडर होतो. गाडी आली की मूठभर कापूस काढायचा, चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब, ओल किती, कचरा किती ते बोटांनीच ओळखायचं आणि प्रत सांगायची. माझी बोटं बोलली की पुढं कोणी बोलत नसे. आता अशा ठिकाणी कुत्र्याची सगळ्यात आवडती जागा कोणती? कापसाची गंजी. आयती गादी. कुत्र्याचा केस कापसात जातो, कापसातून रुईत, रुईतून गाठीत, आणि दूर कुठल्या तरी सूतगिरणीत तो सापडला की गाठी परत येतात.

त्या साली आल्या. दोन हजार सहा साल होतं. कापसाला कोणी विचारत नव्हतं, सकाळी पेपर उघडायचीही भीती वाटायची, पहिल्याच पानावर शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि आपल्या जिल्ह्यातल्या गावांची नावं असायची. घेणारे माल नाकारायला निमित्तच शोधत होते आणि आम्ही त्यांना कुत्र्याच्या केसाचं निमित्त दिलं. शेठनं सगळ्या हमालांसमोर माझी बिनपाण्यानं केली. मी तिथून निघालो तो तडक चौकीदाराकडं गेलो आणि त्याची केली. वरून आलेलं खाली ढकलायचं, ही आपल्याकडची रीतच आहे.

चौकीदाराचं नाव देवसिंग. जवळच्या तांड्यावरचा बंजारा, पन्नाशीचा, शांत माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याला सरकीच्या ढिगात एक पिल्लू सापडलं होतं. कापसातून रुई काढून घेतली की मागं बी राहतं ती सरकी, करड्या रंगाची, अंगाला थोडे पांढरे तंतू चिकटलेली. पिल्लू अगदी तसंच दिसत होतं म्हणून त्यानं नाव ठेवलं सरकी. कुत्रीला सरकी म्हणतात यावर सगळी जिनिंग हसायची. मी सोडून.

"देवसिंग, तिले बांधून ठेव म्हणून किती खेपा सांगितलं?"

"बांधलीच तं होती जी साहेब."

"मंग गंजीवर कशी जाते?"

"सुटली आसन."

सुटणारच. देवसिंगची गाठ नुसती दाखवायपुरती असायची. सरकीनं मान हिसडली की मोकळी. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी त्याच्या हातातला दोर घेतला, गंजीमागच्या टिनाच्या छपरीत सरकीला नेलं, खांबाला बांधलं. दोर पाण्यात बुडवून घेतला होता. ओला दोर आवळला आणि वाळला की बोटांनी सुटत नाही, हे मला माहीत होतं. गाठींचाच धंदा आमचा.

"बांधणं याले म्हणतात," मी म्हणालो.

देवसिंगनं तिच्यापुढं पाण्याचं घमेलं सरकवलं, एवढंच.

दुपारी दोन-अडीचला गंजीनं पेट घेतला. ठिणगी कुठून पडली हे शेवटपर्यंत कळलं नाही. मे महिन्यातला कापूस, वर यवतमाळ जिल्ह्यातलं ऊन. हां हां म्हणता सगळं लाल झालं. आम्ही सगळे फाटकाबाहेर पळालो. हमालांची मोजदाद झाली, सगळे होते. देवसिंगही होता, माझ्या शेजारीच उभा होता. मग आतून सरकीचा आवाज आला.

तो आत गेला. मी त्याच्या शर्टाला हात घातला होता, पण निसटला.

नेहमीची गाठ असती तर तो लगेच परत आला असता. किंबहुना सरकी आपली आपणच आली असती. त्याला वेळ लागला. बाहेर आला तेव्हा सरकीला छातीशी कवटाळून आला. तिच्या पाठीवरचे केस जळून गेले होते, कातडी लाल झाली होती. आणि त्याच्या अंगात शेठनं दिवाळीला दिलेला पॉलिस्टरचा गणवेश होता. कापसाच्या जिनिंगचा चौकीदार, पण अंगात सुताचा एक धागा नाही. पॉलिस्टर सुतासारखं जळून राख होत नाही, ते वितळतं. त्याच्या छातीला, पोटाला, दोन्ही हातांना ते चिकटलं. पाठ तेवढी वाचली.

पंचनामा करायला आलेल्या हवालदारानं विचारलं, कुत्री बांधली कोणी? देवसिंगला जीपमध्ये ठेवत होते. मी समोरच होतो. देवसिंग म्हणाला, "म्याच बांधली होती जी." हवालदारानं लिहून घेतलं. मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याला आता इतकी वर्षं झाली, तरी ते संपलेलं नाही.

जीप निघताना त्यानं मला जवळ बोलावलं. "साहेब, सरकीले पावसात भिजू देजा नोको."

म्हणून ती माझ्या घरी आली. माझी बायको कुंदा शाळेत शिकवत असे, मुलगा साकेत पुण्याला नोकरीला. कुंदाला काय घडलं ते मी त्याच रात्री सांगितलं होतं, गाठीसकट. तिनं मला शब्दानं दुखवलं नाही. सरकीसाठी मात्र तिनं स्वतःच्या हातानं पडवीत गोणपाट अंथरलं, आणि ते मला जास्त लागलं.

जनावरांच्या डॉक्टरनं मलम दिलं आणि एकच गोष्ट बजावली. पाठ कोरडी राहिली पाहिजे. ओली राहिली की चिघळणार, माश्या बसणार, किडे पडणार. "पावसाळा काढला तं जगली समजा," तो म्हणाला. आणि यवतमाळच्या दवाखान्यात देवसिंग दर रविवारी मला पहिला प्रश्न तिचाच विचारायचा. तेव्हा पावसाळा काढायचाच होता, काही झालं तरी.

पण सरकी घरात थांबेना. रोज सकाळी उठायची, बंद पडलेल्या जिनिंगच्या फाटकाशी जाऊन बसायची आणि दिवेलागणीला परत यायची. जूनच्या शेवटी पाऊस लागला तरी तेच.

"बांधून ठेवा की चार महिने," शेजारचे लोक म्हणाले.

त्यांना काय सांगणार? तिच्या गळ्यात दोर घालायची माझी छाती नव्हती.

"मंग कोट शिवा तिले," कुंदा म्हणाली. ती रागानं म्हणाली की खरंच, हे मला कळलं नाही. मी ते खरं धरलं.

अब्दुल गनी शिंप्याचं दुकान बाजारात. पावसाळ्यात तो छत्र्याही दुरुस्त करतो. मी सरकीला घेऊन गेलो तेव्हा त्याच्या पायऱ्यांवर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. त्यांना महिनाभराची करमणूक मिळाली.

"कायचं माप, दीनानाथभाऊ? सदरा का पायजमा?" गनीभाईनं विचारलं.

"रेनकोट."

"बाह्या पूर्ण का अर्ध्या?"

मी सरकीला पुढं केलं. गनीभाईनं सरकीच्या पाठीकडं पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. तो दुकानातून उतरून खाली आला. त्याच्या घरी कुत्र्याची लाळ लागली की कपडे बदलल्याशिवाय नमाज होत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यानं मापाची पट्टी आत ठेवली, एक वेगळी सुतळी घेतली, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि अंतर राखून सरकीचं माप घेतलं. मानेपासून शेपटीपर्यंत, मग पोटाचा घेर. "जखमी जनावर आहे, अल्लाह समजून घेते," तो म्हणाला. "आमच्या घरची खातूनबी मात्र समजून घेत नाही. तिले सांगू नका."

वरचं कापड सोपं होतं. मोडक्या छत्र्यांचं काळं कापड त्याच्याकडं ढीगभर होतं. "पन अस्तर कायचं लावू?" त्यानं विचारलं. "भाऊ, कपडा दिसते वरून, पन अंगाले लागते ते अस्तर. सारा खेळ त्याचा आहे."

मी सत्तावीस वर्षं कापूस हाताळलेला माणूस. मी म्हणालो, मऊ लाव. त्यानं साटीन लावलं, पहिल्यांदा. कोटाच्या आत लावतात ते चकचकीत. बोटाला लोण्यासारखं. सरकीला ते दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी कोट काढला तर पाठ घामानं शिजल्यासारखी झाली होती. साटीनला हवा लागत नाही.

मग मी म्हणालो, फलालीन. थंडीत बाळांना घालतात ते, लव असलेलं. हा माझा निकाल होता, माझ्या बोटांचा. गनीभाई कुरकुरला, की शिलाईच्या सुईच्या भोकांतून पाणी झिरपेल आणि फलालीन ते पिऊन बसेल. मी ऐकलं नाही. कोणाचं ऐकायचं नसतं, हा आमच्या धंद्याचा रोग. पाऊस जोराचा आला, फलालीननं पाणी प्यायलं, आणि त्याची लव जखमेत रुतून बसली. मी संध्याकाळी कोट काढायला गेलो तेव्हा कोटाबरोबर खपलीही निघाली. सरकी ओरडली. तो आवाज मी एकदाच ऐकला होता, फाटकाबाहेर उभा असताना. मी तिथंच पडवीत खाली बसलो आणि रडलो. कुंदानं पाहिलं आणि ती आत गेली. बरं केलं तिनं.

तिसऱ्यांदा नवी मलमल आणली, बाजारातली सगळ्यात भारी. लांब धागा, एकसारखा पीळ. पण कोऱ्या कापडाला खळ असते, ती टोचायची. सरकी दिवसभर फाटकाशी उभीच राहायची, बसायची नाही. आठ दिवसांत तिची पाठ परत जून महिन्यात होती तशी झाली. डॉक्टर म्हणाला, "असं चाललं तं पंधरा दिवस बी नाही काढत."

त्या रविवारी मी एसटीनं यवतमाळला गेलो. दारव्ह्यापर्यंत मी हाच विचार करत होतो, की देवसिंग विचारेल तेव्हा काय सांगायचं. आणि मग डोक्यात आलं, की जळलेल्या अंगाला काय सोसतं हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? त्यालाच विचारावं.

विचार आला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला. वॉर्डात शिरल्यावर कळलं किती निर्लज्जपणाचा आहे. देवसिंग उताणा पडला होता, अंगावर लोखंडी कमान ठेवून तिच्यावर चादर टाकली होती, म्हणजे ती अंगाला लागू नये. त्याची बायको शकुबाई उशाशी पुठ्ठ्यानं वारा घालत होती. मला पाहून तिनं पदर सावरला. ती मला देवमाणूस म्हणायची. दर रविवारी येतो म्हणून. "यानंच बांधली अन यानंच सोडवाले जीव घातला," असं ती नवऱ्याकडं पाहत बोलायची, माझ्यासमोर, आणि मी खिडकीबाहेर पाहायचो.

"सरकी?" देवसिंगनं विचारलं.

"बरी आहे." मग मी विचारलं. "देवसिंग, तुह्या अंगाले कोणतं कापड सोसते?"

त्यानं मान माझ्याकडं वळवली. शकुबाईचा पुठ्ठा थांबला.

"नवं नाही सोसत साहेब," तो म्हणाला. "नवं कापड अंगाले वळखत नाही. टोचते. जुनं पायजे, लय धुतलेलं. धोतर असते ना जी, इरलेलं, तसं."

"बरं."

"शिलाई भायेरून घेजा. लेकराच्या झबल्याची असते ना, तशी. अंगाकून टाका नोको." तो दम घ्यायला थांबला. "पाठीवर जोड देजा नोको. बटन नोको, बंद लावजा. अन ढिलं बांधजा. घट्ट सोसत नाही."

मी मान हलवत होतो, डोक्यात सगळं टिपून घेत होतो. शकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती त्याच्या कानाशी वाकली. "साहेब तुमच्यासाटी सदरा शिवून राह्यले," ती म्हणाली. "घरी जायच्या दिशी घालाले."

काय सांगू? की बाई, मी तुझ्या नवऱ्याला कुत्रीच्या कोटाचं विचारत होतो? देवसिंगनं डोळे मिटून घेतले होते.

"हो," मी म्हणालो. "शिवून राह्यलो."

घरी आल्यावर पेटीतून माझं लग्नातलं धोतर काढलं. एकोणतीस वर्षं सणावारी नेसलेलं, कुंदानं हातानं धुतलेलं. मी ते चिमटीत धरलं. इतका मऊ धागा मी जिनिंगमध्ये कधी पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर विरलेला म्हणून नाकारला असता.

"एवढं एकच तं उरलं होतं लग्नातलं," कुंदा म्हणाली. मग तिनंच ते घडी करून माझ्या हातात दिलं.

गनीभाईला मी देवसिंगचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. त्यानं या खेपेला आणखी एक अक्कल लढवली: अस्तर कोटाला शिवलंच नाही. सुटं ठेवलं, बंदांनी आत बांधायचं, म्हणजे भिजलं की काढून वाळवता येईल. पाठीवर जोड नाही, टाके बाहेरून, मानेशी एक बंद, पोटाशी दोन. सरकीला घातलं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग अंग झटकलं आणि खाली बसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा बसली. गनीभाईनं दोन्ही हात वर करून काहीतरी म्हटलं.

"अन आता सदरा," मी म्हणालो.

उरलेल्या धोतरातून त्यानं सदरा बेतला. त्याच रीतीनं: टाके बाहेर, बटन नाही. सदरा पुढून उघडा, बंदांचा. "असा सदरा म्या जिंदगीत शिवला नाही," तो म्हणाला. त्याची शिलाई घ्यायला तो तयार होईना, आणि या गोष्टीवरून आमचं चक्क भांडण झालं.

पुढच्या रविवारी मी तो घेऊन गेलो. देवसिंगला ताप चढला होता, चेहरा ओढला होता. तरी शकुबाईनं सदरा हातात घेतला आणि गालाला लावला. "लय नरम हाय जी," ती म्हणाली, आणि चहा आणायला खाली गेली. साहेबाला चहा पाजल्याशिवाय तिला राहवलं नसतं.

ती गेल्यावर देवसिंग म्हणाला, "सरकीले बसलं का साहेब?"

मी सदरा उचलून दाखवला.

"हा तुह्यासाठी आहे देवसिंग."

"मायी पाठ कोठी जळाली आहे?" तो म्हणाला. "म्या तं पाठीवर जोड देजा नोको म्हनलं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. सत्तावीस वर्षं लोकांच्या मालाची पारख केली, आणि एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती. छाती जळलेला माणूस पाठीचं सांगत होता. तो पहिल्यापासून तिचंच सांगत होता.

"बसलं," मी म्हणालो. "काल खपली धरली. कोरडी."

तो हसला. ओठ फाटले होते, तरी हसला. "पावसाळ्यात एकानं भागत नाही जी. एक भिजलं तं दुसरं लागते. या सदऱ्याचं दुसरं अस्तर करून घ्या."

"अन तू?"

"मले कोठी जायचं आहे पावसात?"

खाली कोणीतरी बादली आपटली. मी खुर्ची जवळ ओढली. मनाशी ठरवून आलो होतो. "देवसिंग, ती गाठ म्या..."

"सुटली ना जी," तो म्हणाला. "सुटली, बस."

शकुबाई चहा घेऊन आली. तो तिला म्हणाला, सदरा साहेबांजवळच राहू दे, इथं मळेल, घरी जायच्या दिवशी घालीन. तिनं तो नीट घडी करून माझ्या पिशवीत ठेवला.

सोमवारी मी सदरा गनीभाईकडं नेला. त्याला कात्री लावताना जिवावर आलं. "नवा कोरा सदरा उसवून कुत्रीचं अस्तर? लोक मले पागल म्हनतीन." पण मी देवसिंगचा शब्द सांगितला आणि त्यानं मान खाली घालून कात्री घेतली. सदऱ्याच्या पाठीचा तुकडा अख्खा होता. सरकीच्या पाठीला बरोबर पुरला. बंद त्यानं तेच लावले. बाह्यांचे तुकडे उरले ते त्यानं जखम पुसायला म्हणून दिले.

गुरुवारी सकाळी निरोप आला. देवसिंग पहाटे गेला, तांड्यावर आणून राह्यले.

मी छत्री घेतली, सरकीला कोट घातला. दुसरं अस्तर धुऊन वाळलेलं होतं, ते पिशवीत टाकलं, कारण जाता-येता पहिलं भिजणार होतं. तांडा चार किलोमीटर. वाटभर सरकी माझ्या पुढं पुढं होती. बांधलेली नव्हती, तरी एकदाही कुठं पळाली नाही.

देवसिंगला ओट्यावर ठेवलं होतं. दिग्रसहून कफनासाठी कोरं मांजरपाट आणलं होतं, ते अजून घडीतच होतं. माणसं ते उलगडायला पुढं झाली तसं शकुबाईनं हात आडवा केला. तिनं त्या कापडाचं टोक चिमटीत धरलं आणि अंगठ्यानं घासून पाहिलं. मी कापूस पाहायचो अगदी तसंच.

"खळ हाय," ती म्हणाली. "टोचन त्याले." मग तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि मी दिसलो. "साहेब, तो सदरा आनला का जी? आतून घालू. कोरं सोसत नाही त्याले."

मी पिशवी उघडली. हातात आलं ते अस्तर. बिनबाह्यांचं, बिनगळ्याचं, तीन बंद लोंबत असलेलं. शकुबाईनं ते पाहिलं. तिला काहीच कळेना.

"सदरा नाही राहिला," मी म्हणालो. "त्यानंच सांगितलं, सरकीले दुसरं अस्तर पाहिजे म्हणून. म्या उसवला."

एक म्हातारा म्हणाला, "कुत्र्याचं कापड नोको बाई." शकुबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं अस्तर घेतलं आणि देवसिंगच्या छातीवर ठेवून पाहिलं. गळ्याखालून पोटापर्यंत, या काखेपासून त्या काखेपर्यंत. छाती-पोटाचं जेवढं जळलं होतं तेवढंच बरोबर झाकलं गेलं. तिथंच तर त्यानं सरकीला धरलं होतं, तिच्या पाठीचं माप त्याच्या छातीला येणारच होतं. पण हे आधी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि आता ते समोर होतं.

सरकी येऊन ओट्याखाली बसली. कोटावरून पाणी निथळत होतं.

आता मी गप्प राहिलो असतो तर कोणी विचारणार नव्हतं. हवालदारानं लिहून घेतलेलं होतं. शकुबाई मला देवमाणूस म्हणत राहिली असती आणि मी दर दिवाळीला तिला लुगडं देत राहिलो असतो. ते मला सोसलं नसतं.

"शकुबाई," मी म्हणालो, "सरकीले त्यानं नव्हतं बांधलं. म्या बांधलं होतं. दोर ओला करून, आवळून. त्याच्या बोटांनी सुटत नव्हती ती गाठ. म्हणून त्याले उशीर झाला."

सगळा तांडा ऐकत होता. शकुबाईनं मारलं असतं तर मी मार खाल्ला असता. मी वाटच पाहत होतो. तिची नजर सरकीकडं गेली, मग देवसिंगच्या हातांकडं, मग परत माझ्याकडं आली. आतापर्यंत ती मला साहेब म्हणत होती, त्यानंतर तिनं ते कधी म्हटलं नाही.

तिनं छातीवरच्या अस्तराचे बंद माझ्या हातात दिले.

"मंग तुमीच बांधा," ती म्हणाली.

मी ओट्यावर चढलो. दोन माणसांनी देवसिंगला थोडं उचललं. मानेशी एक, पोटाशी दोन. पहिली गाठ दोनदा चुकली.

"ढिलं बांधजा," शकुबाई म्हणाली. "त्याले घट्ट सोसत नाही."

मी ढिलंच बांधलं. मान हिसडली की सुटेल असं, देवसिंग बांधायचा तसं.